यंत्र बनण्याआधीच त्याची परीक्षा!

वर्धा जिल्ह्यात हिंगणी गावाजवळ बोर नदीवर धरण आहे. समजा, कालव्यातील पाण्याची पातळी मोजून त्याचे दार आपोआप उघडझाप करणारे यंत्र तुम्हाला बनवायचे आहे. त्यात पातळीमापक, मायक्रोप्रोसेसर, स्मृती व दाराची मोटर असे घटक लागतील. पण शेत बुडाल्यावर यंत्राची चूक कळली, तर काय उपयोग?

म्हणून अभियंते प्रत्येक घटकाची प्रतिकृती आधी संगणकात लिहितात. १९७१ च्या इंटेल ४००४ मायक्रोप्रोसेसरमध्येही सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्या सर्वांची नक्कल करावी लागत नाही. प्रोसेसर आज्ञा कोठून आणतो, उत्तर कोठे ठेवतो आणि त्याला घड्याळाचे किती ठोके लागतात, एवढे वर्तन तंतोतंत उतरले की पुरे.

चौघे मित्र मिळून हे करून पाहा. 'स्मृती'जवळ तीन चिठ्ठ्या द्या : १) पातळी विचार. २) ती १० हून जास्त असेल तर दार बंद, नाहीतर उघडे. ३) पुन्हा पहिल्या चिठ्ठीकडे जा. 'प्रोसेसर' एकेक चिठ्ठी मागून घेतो आणि तसे वागतो. आता 'पातळीमापक' मित्र बदला. इतरांचे काहीच अडत नाही! चिठ्ठ्या बदलल्या, तर तोच 'प्रोसेसर' विहिरीचा पंपही चालवील. एकदा केलेली प्रतिकृती अशी पुन्हा पुन्हा उपयोगी पडते.

१९७५ साली बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी आल्टेअर संगणकासाठी बेसिक भाषा तयार केली, तेव्हा आल्टेअर त्यांच्याजवळ नव्हताच. ॲलन यांनी ८०८० प्रोसेसरचे वर्तन पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर उतरवले होते. तेथे तपासलेली भाषा खऱ्या आल्टेअरवरही चालली.

तपासणीतून चूक निसटली तर? ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा. उत्तर १.३३३८२… येते. १९९४ मधील पेंटियम मात्र १.३३३७३… असे देई. त्याच्या भागाकाराच्या कोष्टकातील पाच नोंदी राहून गेल्या होत्या. सिलिकॉनवर कोरलेली चूक खोडता येत नाही. इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तोशीस लागली.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई व सहकाऱ्यांनी घडवलेल्या 'अजित' या ३२-बिटी प्रोसेसरचीही संगणकावर चालणारी प्रतिकृती आहे.

मात्र प्रतिकृतीला जे शिकवले नाही, ते तिला कळत नाही. तुमच्या खेळात 'पातळीमापका'ला एकदा गप्प बसायला सांगा. दार उघडे राहील की बंद? ते आत्ताच ठरवा आणि चौथी चिठ्ठी लिहा!