देवगांडूळ : बेडकाचा मातीतला भाऊबंद

पावसाळ्यात कोकणात किंवा सह्याद्रीत ओली माती उकरताना कधी वीतभर, कधी फूटभर लांबीचे बुळबुळीत 'गांडूळ' निघते. साप समजून लोक ते ठेचतात. नीट पाहिले तर त्याला जबडा असतो, जबड्यात दात असतात, पाठीला कणा असतो. म्हणजे हे गांडूळ नव्हे. आणि सापासारखे कोरडे खवले वरून दिसत नाहीत, म्हणजे सापही नव्हे. हा देवगांडूळ, बेडकासारखाच उभयचर.

जाती ओळखायच्या तर अंगावरची वलये मोजून जुन्या नमुन्यांशी ताडून पाहावी लागतात. अडचण अशी, की प्राणी इथल्या मातीत आणि जुने नमुने बरेचसे लंडनमध्ये! बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे वरद गिरी आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे मार्क विल्किन्सन व डेव्हिड गोवर यांनी हे काम एकत्र केले. २००३ मध्ये आंबोलीची नवी जाती जाहीर झाली, 'गेगेनिओफिस डॅनिएली'; जे. सी. डॅनियल यांच्या नावावरून. २००४ मध्ये कोयना परिसरातील 'इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस'.

यांचे जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आणि आफ्रिकेत आहेत. उभयचरांना समुद्र ओलांडणे सहसा जमत नाही. हे नाते गोंडवनभूमी फुटण्याआधीचे.

नाव नसलेल्या जातीची नोंद धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत कशी होणार? म्हणून आधी वलये मोजायची. तुमच्या विद्यार्थ्यांना देवगांडूळ दिसला तर ठिकाण, तारीख लिहून घ्यावी, छायाचित्र काढावे आणि त्याला पुन्हा ओल्या मातीने झाकावे.