शाळा कोणाची, पैसा कोणाचा? टेक्सासमधल्या फ्रिस्को स्कूल डिस्ट्रिक्टचा हिशोब

अमेरिकेतल्या सरकारी शाळा चालवतं कोण, त्यांना पैसा येतो कुठून, आणि त्या चांगल्या की वाईट हे ठरवायचं कसं, या तीन प्रश्नांवर आज बोलायचं आहे. सगळ्या अमेरिकेचं एकच चित्र काढता येत नाही, कारण तिथे प्रत्येक राज्याची रीत वेगळी. म्हणून आम्ही एकच गाव निवडलं : टेक्सासमधलं, डॅलसच्या उत्तरेचं फ्रिस्को. तिथे आज पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. नात्यातलं कोणी तिकडे असेल तर हे नाव तुमच्या कानावर आलेलं असेलच. 'शाळा चांगल्या आहेत म्हणून तिकडे घर घेतलं,' हे वाक्यही ऐकलं असेल. त्या वाक्यामागे काय काय आहे ते आपण उलगडून पाहू.

आधी वाढ किती झाली ते बघा. जनगणनेप्रमाणे फ्रिस्को शहराची लोकसंख्या 2000 साली 33,714 होती. 2010 मध्ये ती 1,16,989 झाली आणि 2020 मध्ये 2,00,509. वीस वर्षांत जवळजवळ सहापट. शाळांचं त्याहून जास्त. या शतकाच्या सुरुवातीला जिथे सात हजारांच्या आसपास मुलं होती, तिथे वीस-बावीस वर्षांत 66 हजारांच्या वर गेली. हायस्कूलं एकाची बारा झाली.

आता पहिला प्रश्न, कारभार कोणाचा? आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा म्हटली की शिक्षणाधिकारी, पंचायत समिती, मंत्रालय अशी उतरंड डोळ्यांसमोर येते. टेक्सासमध्ये स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र स्थानिक संस्था आहे. नावातच 'इंडिपेंडंट' हा शब्द आहे, म्हणून 'फ्रिस्को आयएसडी'. ती नगरपालिकेच्या हाताखाली नाही. तिची हद्दही शहराच्या हद्दीशी जुळत नाही. फ्रिस्को आयएसडीत शेजारच्या प्लेनो, मॅकिनी आणि लिटल एल्म या गावांचे तुकडे येतात. त्यामुळे पत्ता एका शहराचा आणि शाळा दुसऱ्या डिस्ट्रिक्टची, असं सर्रास होतं. घर घेताना लोक इथेच फसतात.

या संस्थेवर सात ट्रस्टींचं मंडळ असतं. लोक त्यांना मतदानाने निवडतात, मुदत तीन वर्षांची. सगळे एकदम बदलत नाहीत, दरवर्षी काही जागांची निवडणूक होते. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, आणि ट्रस्टींना पगार नसतो. ते रोजचा कारभार बघत नाहीत, त्यासाठी सुपरिंटेंडेंट म्हणजे मुख्य अधिकारी नेमतात. शिक्षकांच्या नेमणुका, वेळापत्रक, बसगाड्या हे सगळं त्या अधिकाऱ्याकडे. मंडळाकडे राहतात चार मोठ्या गोष्टी : अधिकारी नेमणं, अंदाजपत्रक मंजूर करणं, कराचा दर ठरवणं आणि कोणत्या वस्तीची मुलं कोणत्या शाळेत जाणार ती रेघ आखणं. ही शेवटची गोष्ट ऐकायला साधी वाटते, पण सभागृह भरतं ते त्याच दिवशी. झपाट्याने वाढणाऱ्या गावात नवी शाळा उघडली की जुन्या रेघा पुसाव्या लागतात, आणि मग कोणाचा तरी मुलगा मित्रांपासून तुटतो.

मात्र या स्वायत्ततेवर राज्याचा लगाम आहे. अभ्यासक्रमाची चौकट, 'स्टार' नावाची वार्षिक परीक्षा आणि शाळांची श्रेणी हे सगळं टेक्सास एज्युकेशन एजन्सीकडे. शाळा वर्षानुवर्षं नापास ठरत राहिली तर राज्य निवडून आलेलं मंडळ बाजूला सारू शकतं. 2023 मध्ये ह्यूस्टनमध्ये तसंच झालं : निवडून आलेल्या मंडळाच्या जागी राज्याने नेमलेलं मंडळ बसलं.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि इथे जरा सावकाश जाऊ. टेक्सासमध्ये राज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर नाही. त्यामुळे शाळांचा मोठा भार मालमत्ता करावर पडतो. घराची किंमत ठरवणारं कार्यालय वेगळं आणि कराचा दर ठरवणारं मंडळ वेगळं. समजा घर पाच लाख डॉलरचं आहे. स्वतः राहत असाल तर शाळेच्या करासाठी सूट मिळते. 2023 मध्ये ती एक लाख डॉलर झाली, आणि 2025 च्या मतदानाने 1,40,000. म्हणजे कर लागतो 3,60,000 वर. सोप्या हिशोबासाठी दर शंभर डॉलरमागे एक डॉलर धरू. वर्षाचा शाळेचा कर झाला 3,600 डॉलर.

या दराचे दोन भाग असतात, आणि ते वेगळे का हे कळलं की अर्धा विषय कळला. पहिला भाग शाळा चालवायचा : पगार, वीज, दुरुस्ती. दुसरा भाग कर्जफेडीचा : इमारती बांधायला जे रोखे काढले त्यांचं मुद्दल आणि व्याज. दुसऱ्या भागातला पैसा पगाराला वापरता येत नाही. घर बांधायचं कर्ज मिळालं म्हणून किराणा भरता येत नाही, तसंच हे.

फ्रिस्कोने हे अनुभवलं आहे. 2014 मध्ये मतदारांनी 77.5 कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली आणि इमारती उभ्या राहू लागल्या. पण नवी शाळा म्हणजे नवा मुख्याध्यापक, ग्रंथपाल, स्वयंपाकघर, सफाई. ऑगस्ट 2016 मध्ये मंडळाने चालवण्याच्या दरात 13 सेंटची वाढ मागितली आणि मतदारांनी ती फेटाळली. परिणाम काय? खर्चात मोठी कपात झाली आणि चार नव्या शाळांचं उद्घाटन पुढे ढकलावं लागलं. इमारतीचा पैसा होता, पण ती चालवायचा नव्हता. पुढे नोव्हेंबर 2018 मध्ये मतदारांनी दराचा प्रस्ताव मान्य केला, सोबत 69.1 कोटी डॉलरचे रोखेही. नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा चार प्रस्ताव आले, रोख्यांचे आकडे मिळून एक अब्ज डॉलरच्या वर. चारही पडले.

आता एक गैरसमज दूर करू. घरांच्या किमती भडकल्या म्हणजे शाळा श्रीमंत झाल्या, असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. राज्य एक सूत्र लावतं : दर विद्यार्थ्यामागे एक मूळ रक्कम, आणि वर गरजेनुसार वाढीव रक्कम. ही मूळ रक्कम 2019 मध्ये 6,160 डॉलर ठरली आणि 2025 पर्यंत तीच राहिली. त्या काळात महागाई पाचव्या हिश्शाहून जास्त वाढली. 2025 मध्ये विधिमंडळाने मूळ रकमेत 55 डॉलर घातले आणि शिक्षकांचे पगार वगैरे ठरावीक कामांसाठी वेगळा पैसा दिला. या सूत्राने डिस्ट्रिक्टचा हक्काचा आकडा ठरतो. त्यातला जितका भाग स्थानिक करातून येतो, तितका राज्य आपल्या वाट्यातून कमी करतं. म्हणजे तुमच्या घराची किंमत वाढली तर फायदा होतो राज्याच्या तिजोरीचा. शाळेचा डबा तेवढाच राहतो, त्यात कोण किती वाढतो एवढंच बदलतं.

आणि स्थानिक कर हक्काच्या आकड्याहून जास्त जमला तर? तो वरचा पैसा राज्याकडे जातो. लोक या पद्धतीला 'रॉबिन हूड' म्हणतात. तिच्यामागे मोठा लढा आहे. सॅन अँटोनियोतल्या एजवूड या गरीब भागातल्या पालकांनी 1968 मध्ये दावा लावला. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही जास्त दराने कर भरतो, तरी आमच्या वस्तीची घरं स्वस्त म्हणून आमच्या मुलांना कमी मिळतं. 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते 5 विरुद्ध 4 मतांनी हरले. मग राज्याच्या न्यायालयात लढले, आणि 1989 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत राज्यघटनेत बसत नाही असा एकमुखी निकाल दिला. त्यातून 1993 चा कायदा आला. फ्रिस्कोच्या शेजारचं प्लेनो या कायद्याखाली वर्षानुवर्षं कोट्यवधी डॉलर परत देतं. देणाऱ्याला ते खुपतं. पण एजवूडच्या पालकांच्या बाजूने पाहिलं तर त्याचं कारण समजतं.

आणखी एक बारकावा. राज्य पैसे देतं ते पटावरच्या नावांवर नाही, रोजच्या हजेरीच्या सरासरीवर. 66 हजार मुलांमध्ये हजेरी एक टक्क्याने घसरली तर हिशोबातून 660 मुलं गेली. मूळ रकमेनेच गुणलं तरी 40 लाख डॉलर होतात. आणि तेवढ्याने शिक्षक कमी करता येत नाहीत, वर्ग तर चालूच असतो. जानेवारीत तीन आठवडे भारतात येणारी कुटुंबं हे मनात ठेवतील तर बरं.

तिसरा प्रश्न, कामगिरी. राज्य प्रत्येक शाळेला आणि डिस्ट्रिक्टला 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी देतं. त्यात तीन गोष्टी मोजतात : मुलं आज कुठे आहेत, मागच्या वर्षापेक्षा किती पुढे गेली, आणि वेगवेगळ्या गटांमधलं अंतर किती भरून निघालं. फ्रिस्कोला 2019 आणि 2022 मध्ये 'ए' मिळाला. कौतुक करायला हरकत नाही, पण एक विचार करा. टेक्सासमध्ये सुमारे 60 टक्के मुलं आर्थिकदृष्ट्या दुर्बळ गटात मोडतात. फ्रिस्कोत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी. आईवडील शिकलेले, घरात पुस्तकं, संध्याकाळी गणिताची शिकवणी. मग 'ए' मधला किती भाग शाळेचा आणि किती घराचा? म्हणून आम्ही म्हणतो, पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा आणि तिसरा आकडा बघा. शाळेचं खरं काम तिथे दिसतं.

आणि वाढ कायम राहत नाही. घरं महागली की लहान मुलांची तरुण कुटुंबं पुढच्या गावात जातात. इथे ती उत्तरेला प्रॉस्पर आणि सेलिनाकडे गेली. प्लेनोने 2024 मध्ये चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला. फ्रिस्कोतही पट उतरू लागला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मंडळाने स्टेली मिडल स्कूल बंद करायचं ठरवलं. काही वर्षांपूर्वी नव्या शाळांना जागा शोधणारं मंडळ आता जुन्या वर्गांत मुलं शोधतंय. तीस वर्षांच्या रोख्यांवर बांधलेली इमारत दहा-पंधरा वर्षांत अर्धी रिकामी झाली, तरी हप्ता थांबत नाही. नवे रोखे मागितले की मतदार हाच प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे.

आता शेवटचा मुद्दा, जो मराठी कुटुंबांना थेट लागू होतो. फ्रिस्कोच्या शाळांत आज आशियाई वंशाच्या मुलांचा गट सर्वात मोठा आहे, आणि त्यात भारतीय मुलं पुष्कळ. 1982 च्या निकालाने, आणि तो खटलाही टेक्सासचाच, मुलाचे इमिग्रेशनचे कागद काहीही असोत, सरकारी शाळा त्याला नाकारू शकत नाही. पण मतदानाचं तसं नाही. मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं असलेलं कुटुंब घराचा पूर्ण कर भरतं, त्याची मुलं पहिलीपासून बारावीपर्यंत शिकून बाहेर पडतात, आणि या सगळ्या काळात ट्रस्टी निवडताना किंवा कराचा दर ठरवताना त्या आईवडिलांचं एक मतही मोजलं जात नाही. उलट ज्यांना नागरिकत्व मिळालं, त्यांतले कितीतरी जण ट्रस्टींच्या निवडणुकीला घरातून बाहेरच पडत नाहीत. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत एका मताचं वजन नगण्य वाटतं, इथे निकाल थोडक्या मतांनी फिरतो.

मत नसलं तरी तोंड बंद नाही. मंडळाच्या सभा खुल्या असतात, विषयपत्रिका आधी जाहीर होते, आणि बोलायला नागरिकत्वाचा दाखला लागत नाही. अंदाजपत्रक सगळ्यांना वाचता येतं. ते वाचायला बसलात तर चार आकडे आधी शोधा : चालवण्याचा दर, कर्जाचा दर, हजेरीची सरासरी आणि पुढच्या पाच वर्षांच्या पटाचा अंदाज. या चारांची सांगड लागली की 'शाळा चांगल्या आहेत' या वाक्याच्या पुढे 'आणि त्या तशा राहाव्यात म्हणून काय लागेल' हे बोलता येतं.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.