अर्धी कॅप्सूल मोजायची कशी?

चार वर्षांची मुलगी, वजन 12 किलो, सिकलसेलची एसएस रुग्ण. दवाखान्यातून तिला हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल मिळाल्या, त्या 500 मिलिग्रॅमच्या. आई रोज रात्री कॅप्सूल उघडते, पावडर कागदावर ओतते, बोटाने ढीग करते आणि त्यातला लहान ढीग मधात कालवून लेकीला चाटवते. तिला कुणी दुसरे काही सांगितलेच नाही, तर ती बिचारी करणार काय?

सिकलसेल आपल्या विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांना नवीन नाही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 1958 साली प्रसिद्ध केली. ‘आंग दुखते’ म्हणून रात्र रात्र रडणारी लेकरे त्याआधीही होती, फक्त आजाराचे नाव कळले नव्हते.

हायड्रॉक्सीयुरियाने शरीरात गर्भावस्थेतल्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते. त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचे प्रमाण घटते, दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळही कमी येते. पण हे औषध वजनावर चालते. किलोमागे 15 मिलिग्रॅम धरले तर या मुलीला दिवसाला 180 मिलिग्रॅम लागते. बोटाने केलेला ढीग आज 150 चा निघेल, उद्या 250 चा. कमी पडले तर झटके थांबत नाहीत, जास्त झाले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात.

इथे कामाला येतो तो औषध तयार करून देणारा फार्मासिस्ट. जुन्या लोकांना आठवत असेल, डॉक्टरच्या दवाखान्यात कंपाउंडर असायचा. आपण घरून बाटली न्यायची, तो त्यात लाल-गुलाबी मिक्श्चर भरायचा आणि बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची, एक खूण म्हणजे एक डोस. तयार गोळ्या आल्या आणि ती पद्धत मागे पडली. लहान मुलांना मात्र तिची गरज राहिलीच.

फार्मासिस्ट हे औषध कसे करतो? हायड्रॉक्सीयुरिया पाण्यात विरघळते. 20 कॅप्सूल म्हणजे 10,000 मिलिग्रॅम. ते विरघळवून, गाळून, गोड पाक घालून बरोबर 100 मिलिलिटर केले, की दर मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध येते. आपल्या मुलीचा डोस झाला 1.8 मिलिलिटर. तो सुई नसलेल्या सिरिंजने मोजायचा. घरातला चमचा नको, कारण दोन घरांचे चमचे कधी सारखे नसतात. बाटलीवर औषधाचे नाव, एका मिलिलिटरमध्ये किती औषध आहे तो आकडा, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख लिहिलेली हवी. आकडा नसेल तर बाटली घेऊ नका.

ही सोय प्रत्येक दुकानात नाही. 1945 च्या औषध नियमांप्रमाणे दुकानात औषध तयार करायचे तर ते नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच करावे लागते. नुसता काउंटरवर बसलेला पोरगा ते करू शकत नाही. म्हणून आधी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या औषध विभागात विचारा. नागपुरात ‘मेडिकल’ म्हटले की कोपऱ्यावरचे दुकानही असते आणि मेडिकल कॉलेजही. मी म्हणतो ते दुसरे. तिथे डॉक्टरांना सरळ विचारा, ‘लेकराला पातळ औषध मिळेल का?’ नसेल तर ते एक दिवसाआड कॅप्सूल देऊ शकतात, किंवा कॅप्सूल ठरावीक पाण्यात विरघळवून किती मिलिलिटर द्यायचे ते लिहून देऊ शकतात. तो आकडा कागदावर लिहून घ्या, ऐकून घरी येऊ नका.

आणि घरी कॅप्सूल उघडायची वेळ आलीच तर हातमोजे घाला. गरोदर बाईने हे औषध हाताळू नये. उरलेले पाणी लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा आणि त्याचे काय करायचे ते फार्मासिस्टला विचारा.

आता त्रासाबद्दल. एक दिवस कुणीतरी नातेवाईक येतो, डबीवरचे वाचतो आणि म्हणतो, ‘हे तर कॅन्सरचे औषध!’ त्याच रात्री औषध बंद होते. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये हेच औषध देतात, हे खरे आहे. पण तुमच्या मुलीला कॅन्सर नाही; सिकलसेलसाठीही ते मोठ्या अभ्यासानंतरच मान्य झाले आहे. मळमळ होते, नखे किंवा कातडी काळी पडते, केस थोडे विरळ होतात. नखे काळी झाली म्हणून औषध सोडू नका. मळमळ असेल तर वेळ बदलून रात्री देता येईल का, हे फार्मासिस्टला विचारा.

घाबरायचे कधी, तेही लक्षात ठेवा. ताप 101 च्या वर गेला, तोंडात फोड आले, कुठूनही रक्त येऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. आणि सुरुवातीला महिन्या-महिन्याला, पुढे डॉक्टर सांगतील तसा सीबीसी तपास चुकवू नका. रोजी बुडते, रांगेत दिवस जातो, हे मान्य आहे. तरी पेशी घसरल्या की नाही हे त्या एका कागदावरच कळते. मोठ्या मुलामुलींचे लग्न ठरले, बाळाचा विचार असला, तर दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे. गर्भारपणात हे औषध चालत नाही.

अंगदुखीच्या गोळ्यांचे एक सांगायचे राहिले. झटका आला की दुकानातून मिळेल ती गोळी घेतली जाते, दिवसाला चार-चार. सिकलसेलमध्ये मूत्रपिंड आधीच नाजूक असते. कोणती गोळी, किती आणि किती तासांनी, हे त्याच फार्मासिस्टकडून लिहून घ्या. रुग्णाला औषध समजावून सांगणे हे 2015 च्या फार्मसी नियमांनी त्याचे कामच ठरवले आहे. विचारायला लाजायचे कारण नाही. पुढच्या खेपेला जाताना मुलीचे वजन, घरातल्या सगळ्या गोळ्या आणि मागचा सीबीसी एका पिशवीत घाला, पिशवी काउंटरवर ठेवा आणि म्हणा, ‘भाऊ, एकेक करून सांगा.’