गावाकडची हवा आणि गोळ्यांची डबी

नोकरी मुंबईत, बिऱ्हाड डोंबिवलीला आणि जीव मात्र मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर, अशी तीस-पस्तीस वर्षे काढलेली माणसे निवृत्तीनंतर गावी परततात, हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. पूर्वी गणपती आणि शिमग्यापुरता येणारा चाकरमानी आता फंडाच्या पैशांतून जुने घर दुरुस्त करतो, संडास-न्हाणी घरातच बांधून घेतो आणि कायमचा राहायला येतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून मुलाबाळांचे येणे-जाणेही सोपे झाले. अलीकडे तर ज्यांचे गाव इथले नाही, अशीही मंडळी समुद्राजवळ जागा घेऊन राहू लागली आहेत. यांपैकी बरेच जण दवाखान्यात आले की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते, "डॉक्टर, इथली हवा हेच औषध!"

हवा चांगली आहे, यात वाद नाही. इथे विदर्भासारखा उन्हाळा नाही की देशावरची बोचरी थंडी नाही. गाड्यांचा धूर नाही, लोकलची धक्काबुक्की नाही. झोप चांगली लागते, दगदग कमी होते आणि त्यामुळे रक्तदाबाचा आकडाही थोडा खाली येतो. घोटाळा होतो तो इथेच.

बँकेतून निवृत्त झालेले चौसष्ट वर्षांचे एक गृहस्थ गावी आले. रक्तदाबाची गोळी बारा वर्षे चालू होती. घरच्या यंत्रावर चार दिवस सलग १३०/८० आल्यावर त्यांनी ती बंद केली. आठवडाभर काही झाले नाही, तेव्हा त्यांची खात्रीच पटली. वास्तविक तो आकडा गोळीमुळे आलेला होता. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी अम्लोडिपिन ही गोळी शरीरातून सावकाश जाते. शेवटची गोळी घेतल्यावरही काही दिवस तिचा परिणाम टिकतो आणि मग दाब गुपचूप चढत जातो. दाब चढला की डोके दुखेलच, हा तर मोठाच गैरसमज.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी त्यांच्या हातातला चहाचा कप निसटला. तोंड वाकडे झाले, बोलणे जड झाले. वाऱ्याचा प्रकार असेल म्हणून दोन तास तेल चोळण्यात गेले. घर पाखाडीच्या खाली, साठेक पायऱ्या उतरून. शेजाऱ्याने मला फोन केला, "डॉक्टरांनू, गाडी खालपर्यंत येवची नाय." चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणले. पुढे रस्ता आणि त्यापुढे सीटी स्कॅन. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही असे दिसल्यावरच. ती वेळ निघून गेली होती. आज ते काठी घेऊन चालतात. सकाळी पेपर मात्र पत्नीला वाचून दाखवावा लागतो.

तेव्हा गावी आल्यावर गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टरांना दाखवून ठरवावे. काही वेळा ती खरोखरच कमी करता येते. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांनी तर ती कधीच एकदम थांबवू नये. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांना त्यामुळे झटका येऊ शकतो. उलट मे महिन्यात वेगळाच धोका असतो. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. ज्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांच्या रक्तातील सोडियम अशा वेळी उतरू शकते. म्हातारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, गळून गेला, तर देवाचे काही आहे का ते नंतर पाहा, आधी रक्त तपासा.

आता जेवणाकडे वळू. सकाळी पेज, तोंडी लावायला खारा बांगडा आणि लोणचे, हे आपले अमृत. पण दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुकी मासळी आणि लोणच्यात त्यातला मोठा वाटा सहज संपतो. ताजा मासा खा, भरपूर खा, त्याला माझी हरकत नाही. मधुमेहींचे आणखी एक दुखणे असते. मुंबईत दोन पोळ्या खाणारा माणूस इथे दोन्ही वेळ भाताचा डोंगर पुढ्यात घेतो आणि चालणे मात्र बंद करतो. वाचून नवल वाटेल, पण स्टेशनचे जिने आणि बाजारहाट यांमुळे मुंबईकर बराच चालतो. गावात आला की वाण्याकडे जायलाही त्याला स्कूटर लागते.

आणि हौसेचे काय सांगावे! जुलैत लावणी सुरू झाली की हे काका लेंगा वर करून चिखलात उतरतात. मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्याला काटा रुतलेला कळत नाही. त्यात शेतातल्या पाण्यात उंदराचे मूत्र मिसळलेले असते. जखमेतून लेप्टोचे जंतू शिरायला तेवढे पुरते. लावणी करायचीच असेल तर आधी आरोग्य केंद्रात प्रतिबंधक गोळीविषयी विचारा आणि गमबूट घाला. शेतात गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर "शेतात उतरलो होतो" हे डॉक्टरांना न विचारता सांगा. रोज रात्री पायाचे तळवे उजेडात पाहावेत, मधुमेहींनी अनवाणी कातळावर फिरू नये.

सापाबद्दल थोडक्यात. फुरसे, घोणस, नाग, मण्यार या चारही जातींवर एकच प्रतिसर्पविष चालते. दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, हात-पाय हलू न देता रुग्णालय गाठा. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश दुखतही नाही. म्हणून खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. खरे तर सापापेक्षा जांभ्याच्या पायरीवरील शेवाळाला मी जास्त भितो. पासष्टीनंतर खुबा मोडला की माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. पायऱ्या पावसाळ्यात वरचेवर घासून घ्या, बाजूला लोखंडी कठडा बसवा. घराला रंग देण्याआधी हे काम व्हावे.

एक गोष्ट पुरुष मंडळींना आवडणार नाही, पण लिहितो. गाव यांचे असते, तिचे नसते. तिचे भजनी मंडळ, भाजीवाली, समोरच्या दाराची मैत्रीण, नातवंडे, सगळे मागे राहिलेले असते. जून-जुलैत आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही, वीज जाते, शेजारचे घर बंद. मग काकी "अंग दुखते, झोप लागत नाही, भूक नाही" म्हणून येतात. रक्त तपासले तर सगळे ठीक. याला आजारच समजायचे, नखरे नव्हे. यावर औषध आहे आणि पंधरवडा लेकीकडे राहून येणे हेही औषधच आहे.

म्हणून कायमचे यायचे ठरवणाऱ्यांना माझे सांगणे असे की, घर मे महिन्यात आंबे खात पाहू नका. जुलैत येऊन महिनाभर राहा. वर्षानुवर्षे बंद असलेल्या घरातील बुरशी आणि ओलसर गाद्या दमेकऱ्याला सोसतात का, हे तेव्हाच कळेल. छातीचा आलेख, सीटी स्कॅन आणि चोवीस तास डॉक्टर कुठे आहेत, हे स्वतः जाऊन विचारा. छातीत दुखू लागल्यास पहिल्या दोन-तीन तासांतील उपचाराला फार मोल असते. पुढच्या उपचारांसाठी आपल्याकडचे पुष्कळ रुग्ण बांबोळीला जातात, तेव्हा तो रस्ताही एकदा घड्याळ लावून पाहा. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण ती तुमच्या वाडीत कुठपर्यंत येते, हे आधीच पाहून ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यावर ते ठेवण्यासाठी एकात एक दोन मडकी आणि मध्ये ओली वाळू अशी सोय करावी. बर्फात ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

आजार, औषधांची नावे, डोस, कशाची ॲलर्जी आहे, मुलाचा फोन नंबर, हे सारे एका कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा. मराठीत, मोठ्या अक्षरांत. रात्री दोन वाजता धावत येणारा शेजारी घाईत चष्मा घरीच विसरलेला असतो.