व्हिसा न मागणारी बेटं

परदेशी राहायला निघालेल्या माणसाच्या घरात आधी कागदांचा ढीग होतो. बँकेचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, त्यावर परदेशात ग्राह्य धरला जाणारा अपोस्टिलचा शिक्का, पोलिसांचं प्रमाणपत्र. मग बोटांचे ठसे, मुलाखत आणि वाट पाहणं. हे सगळं आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे, की यातून सुटलेली एक जागा पृथ्वीवर आहे हे पहिल्यांदा कळतं तेव्हा खरंच वाटत नाही.

ती जागा म्हणजे स्वालबार्ड. नॉर्वेचा किनारा आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर असलेली बर्फाळ बेटं. राज्य नॉर्वेचं, पोलीस नॉर्वेचे, चलनही नॉर्वेचं. तरीही कोणत्याही देशाचा नागरिक इथे येऊन राहू शकतो, नोकरी करू शकतो, दुकान थाटू शकतो. त्यासाठी व्हिसा लागत नाही, निवासाचा किंवा कामाचा परवानाही लागत नाही. लाँगइयरब्येन हे मुख्य गाव ७८ अंश उत्तरेला आहे. वस्ती जेमतेम अडीच हजार, पण त्यात पन्नासहून अधिक देशांची माणसं! नॉर्वेजियन लोकांच्या खालोखाल मोठे गट आहेत थायलंड आणि फिलिपाइन्सच्या लोकांचे. बारमाही उन्हाच्या देशांतली ही माणसं अशा गावात संसार करतात, जिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही.

हे घडलं कसं, ती गोष्ट फार विलक्षण आहे. १५९६ मध्ये डच दर्यावर्दी विलेम बॅरेन्ट्स इथे पोहोचला. त्यानंतर देवमासे मारणारे आले, फासेपारधी आले, पण ही भूमी कुणाचीच नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोळशाच्या खाणी निघाल्या आणि पेच उभा राहिला. जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ मध्ये इथे कंपनी काढली. गावाला नाव त्याचंच आहे. खाण कुणाची आणि मजुरांच्या भांडणाचा निवाडा कुणी करायचा, हे ठरवणारं न्यायालय मात्र नव्हतं. अखेर पहिलं महायुद्ध संपल्यावर, ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये करार झाला. बेटांवरचं सार्वभौमत्व नॉर्वेला मिळालं, पण अटींसह. करारात सामील असलेल्या सर्व देशांच्या नागरिकांना इथे येण्याची आणि व्यवसाय करण्याची समान मुभा द्यायची. इथे गोळा झालेला कर इथेच खर्च करायचा. लष्करी तळ उभारायचा नाही. हा करार १९२५ मध्ये अमलात आला. नॉर्वेने आपला परकीय नागरिकांचा कायदा या बेटांना लावलाच नाही, त्यामुळे करारात नसलेल्या देशांच्या माणसांनाही दार उघडं राहिलं.

आणि आता तारखांकडे पाहा. त्याच १९२० साली, त्याच पॅरिसमध्ये, ऑक्टोबर महिन्यात राष्ट्रसंघाची पासपोर्ट परिषद भरली. १९१४ पूर्वी युरोपात बऱ्याच सीमा पासपोर्ट न दाखवता ओलांडता येत होत्या. युद्धाने ती सवय मोडली. ऑक्टोबरच्या या परिषदेने पासपोर्टच्या पुस्तिकेचा एकसारखा नमुना सुचवला, आजची पुस्तिका त्याच वंशातली. म्हणजे जगभरच्या प्रवाशांच्या हाती ज्या वर्षी ही पुस्तिका द्यायचं ठरलं, त्याच वर्षी, त्याच शहरात, जगातला एक कोपरा तिच्या शिक्क्यांपासून मोकळा ठेवला गेला. मला हा योगायोग थक्क करतो.

ब्रिटनचा राजा तेव्हा भारताचा सम्राट म्हणवत होता, म्हणून भारताचं नाव या करारात पहिल्यापासून आहे. त्याच बेटांवर, न्यू-ओलेसुंद या वस्तीत, २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार पाहिला जातो गोव्यातून, वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. डिसेंबर २०२३ पासून तर आपले शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीतही तिथे मुक्काम करू लागले.

पण दार उघडं आहे म्हणजे घर आपलं झालं, असं नाही. पोट स्वतःच्या कमाईवर भरता आलं पाहिजे. ज्याच्याकडे साधन नाही त्याला परत पाठवण्याचा अधिकार १९९५ च्या नियमांनुसार स्वालबार्डच्या गव्हर्नरला आहे. भाड्याची घरं फार थोडी, आणि बहुतेक नोकरीशी बांधलेली. नोकरी सुटली की छप्परही जातं. रुग्णालय छोटं आहे, म्हणून गरोदर स्त्रिया प्रसूतीच्या आधीच नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जातात. मुख्य भूमीवर मिळणारी सामाजिक मदत इथे परदेशी माणसाला नाही.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. स्वालबार्डमध्ये काढलेली वर्षं नॉर्वेच्या कायमच्या निवासासाठी किंवा नागरिकत्वासाठी मोजलीच जात नाहीत. वीस वर्षं राहिलेला माणूसही त्या हिशेबात काल विमानातून उतरलेल्यासारखाच. २०२२ मध्ये नियम आणखी कडक झाला: परदेशी नागरिकाने मुख्य भूमीवर तीन वर्षं काढलेली नसतील, तर त्याला गावाच्या स्थानिक निवडणुकीतही मत देता येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. परवान्याच्या कागदाला आपण कटकट म्हणतो, पण त्यात सरकारने दिलेला एक शब्दही असतो की इतकी वर्षं राहिलास, तर तुझा हक्क वाढत जाईल. इथे कुणी कागद मागितला नाही आणि कुणी तो शब्दही दिला नाही. ज्यांनी या गावात मुलं वाढवली, त्यांना निदान तिथल्या शाळेबद्दल आणि रस्त्याबद्दल मत देता यायला हवं.

कुणा मराठी तरुणाला किंवा तरुणीला जायचंच असेल, तर आधी नोकरी आणि घर पक्कं करा, मग तिकीट काढा. नेहमीची विमानं ऑस्लो आणि ट्रोम्सोहून सुटतात. नॉर्वे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात आहे, स्वालबार्ड नाही. म्हणून वाटेसाठी शेंगेन व्हिसा लागतोच, आणि तो दोनदा प्रवेश देणारा घ्या. एकाच प्रवेशाचा घेतलात, तर बेटांवर जाता येईल, परतताना नॉर्वेत शिरता येणार नाही.