हद्दीपलीकडचा बार

१९७१ मध्ये अमेरिकेत अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळाला आणि त्याच लाटेत अनेक राज्यांनी दारू पिण्याचे किमान वयही खाली आणले. शेजारच्या राज्याचा नियम मात्र वेगळा. मग शनिवारी रात्री पोरेटोरे गाडी काढून हद्दीपलीकडच्या बारमध्ये जात आणि झिंगलेल्या अवस्थेत तीच गाडी हाकत परतत. या हद्दींना तिकडे ‘रक्ताच्या सीमा’ असे नाव पडले.

वय ठरवणे राज्यांच्या हातात. केंद्राने नाक दाबले ते पैशाचे. १९८४ च्या कायद्याने २१ ची अट न पाळणाऱ्या राज्याच्या महामार्ग निधीला कात्री लावली. साउथ डकोटा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये हरले. १९८८ पर्यंत सगळी राज्ये वठणीवर आली.

सत्तरच्या दशकाअखेरीस बारावीतल्या दहापैकी सात मुलांनी गेल्या महिन्याभरात दारू घेतलेली असे. २०२३ मध्ये हे प्रमाण चारांत एकावर आले. सगळे श्रेय त्या कायद्याला देता येणार नाही. २१ ची अट सर्वत्र लागू झाल्यावरही घसरण पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१, कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. कागदावर अमेरिकेपेक्षा कडक! १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. चालवणारा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी दारू प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे.