चौदावा दिवस कोठून मोजावा?

आमच्या परिचयातील एका सुनेची पाळी ३५ दिवसांची. कोणीतरी सांगितले, "पाळी आल्यापासून चौदावा दिवस धरा." दोन वर्षे दोघांनी तोच दिवस धरला. मूल झाले नाही आणि बोल मात्र सुनेला लागला. आम्ही बँकेत आकडेमोड करणारी माणसे. व्याज कोणत्या तारखेपासून धरायचे हे चुकले की सारा हिशोब चुकतो. येथेही तसेच झाले होते.

जपानचे डॉ. ओगिनो व ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले की, स्त्रीबीज बाहेर पडते ते पुढची पाळी येण्यापूर्वी सुमारे १४ दिवस. म्हणजे मोजायचे ते मागून. २८ दिवसांच्या चक्रात तो दिवस चौदावा, २४ च्या चक्रात दहावा आणि ३५ च्या चक्रात एकविसावा येतो. बीज पक्व होण्याचा पहिला काळ कमीजास्त होतो. नंतरचा काळ बहुधा ठराविक असतो.

बाहेर पडलेले बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस व त्याआधीचे पाच, असे सहा दिवस गर्भधारणेस अनुकूल होत. या सुमारास अंगावरून जाणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक व तार धरणारा होतो. हीच घरच्या घरी कळणारी खूण.

सहा महिन्यांच्या तारखा वहीत लिहून ठेवल्यास अंदाज बांधता येतो. पाळी अनियमित असेल तर हा हिशोब चुकतो. म्हणून केवळ त्याच्या भरवशावर संततिनियमन करू नये. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न गेल्यास, पत्नी पस्तिशीपुढची असल्यास सहा महिन्यांनीच, डॉक्टरांकडे जावे. जाताना दोघांनी जावे. दोष पुरुषातही असू शकतो आणि वीर्यतपासणी अगदी सोपी असते.

लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. त्यांचे नाव घेणाऱ्या आपल्या घरांत तरी आईने मुलीशी आणि पतीने पत्नीशी या विषयावर बोलताना संकोच करू नये. अज्ञानाचा बोल सुनेच्या माथी मारणे आता थांबलेच पाहिजे.